ओंजळीतला समुद्र

पहाट उगवली तीच दमून. राखाडी, निस्तेज, रात्रभर जागलेल्या डोळ्यांची पहाट. सुवेळा बेटाच्या माडांवर, माडांखालच्या कौलांवर, कौलांपलीकडच्या नीलगंभीर, अथांग, अविश्रांत समुद्रावर ती मुकाट्यानं पसरत गेली. लाटा येत होत्या, लाटा जात होत्या. त्यांनाही कंटाळा आला असावा.

नकाशावर हे बेट शोधायला भिंग लागतं, पण देश तो देशच. सैन्य नाही, तोफ नाही, खाण नाही. आहे तो टेकडीच्या कुशीतला एक झरा. दोन देश लढून लढून थकले की तह करायला इथं येत. झऱ्याचं पाणी एकाच कलशातून दोघांच्या ओंजळीत पडे, दोघं ते पीत, आणि उरलेला घोट पाणी घालणारी बाई पिई. एवढीच साक्ष. जग या बेटाला आपली सदसद्विवेकबुद्धी म्हणे, आणि घरी जाऊन खुशाल विसरे.

ती बाई म्हणजे जानका. सासूच्या हातून कलश तिच्या हाती आला तेव्हा तिचे केस मेघश्याम होते. आता त्यांवर किनाऱ्याचा फेस चढला होता. मऊ ओंजळी, रत्नजडित ओंजळी, थरथरत्या ओंजळी, सगळ्या तिनं पाहिल्या. पाणी पिऊन गेलेल्या कित्येकांनी वर्ष सरायच्या आत पुन्हा गावं जाळली. तशी बातमी आली की जानका चिंच घेऊन कलश घासत बसे. घासून घासून कलश झिजला होता, आणि जानकाही.

आज पुन्हा दोन देश येणार होते. अवाढव्य, धूम्रमंडित, गर्वोन्नत देश. जानका टेकडी चढली, झऱ्याशी वाकली आणि सवयीनं ओलं बोट जिभेला लावलं.

खारट.

समुद्र वर्षानुवर्षं वर येतच होता. आधी त्यानं भाताची खाचरं गिळली, मग विहिरी. झरा तेवढा राहील असं सगळे धरून चालले होते. आता समुद्र जमिनीखालून, चोरपावलांनी, झऱ्याच्या गाभाऱ्यात शिरला होता. जानका तिथंच बसली. रडूही येईना, इतकी ती थकली होती.

तिचा धाकटा दीर भास्कर सरकारात होता. पाहुण्यांची बडदास्त त्याच्याकडं. धापा टाकत तो वर आला, त्यानं घोट घेतला, मान खाली घातली. मग बाटलीबंद पाण्याचं खोकं मागवलं.

"वहिनी, कलशात हे ओता. कुणाला कळतंय?"

"शेवटचा घोट माझा असतो, भावजी."

"झरा नासला हे कळलं तर पुन्हा कोण येईल इथं? या पाण्यावाचून आपल्याला विचारतंय कोण?"

ते खरं होतं, म्हणूनच तिला लागलं. बेटाचं नाव, बेटाचा मान, सासूनं तिच्या हाती दिलेलं सगळं त्या कलशात होतं. जानका उठली आणि तिनं कलश झऱ्याखाली धरला.

"बाटल्या शाळेत पाठवा," ती म्हणाली. "पोरांना गोड पाणी मिळू दे."

दुपारी समुद्रात उतरणाऱ्या घाटावर पांढरं, निर्दय ऊन होतं. दोन सत्ताधीश पायरीवर उभे राहिले, दोन ओंजळी पुढे झाल्या, जानकानं पाणी घातलं. दोघांनी ते तोंडात घेतलं आणि दोघांचेही चेहरे वाकडे झाले.

"पाणी खारट आहे," दुभाषी कुजबुजला.

"हो," जानका म्हणाली. आवाज चढला नाही. चढायला त्यात बळच नव्हतं. "समुद्र आत आलाय. आमच्याकडं आता दुसरं पाणी नाही. आज साक्षीला तोच आहे, सांगा त्यांना."

दुभाष्यानं सांगितलं. भास्करनं डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी थुंकावं तर सारं बेट बघत होतं. थोरल्या सत्ताधीशानं कष्टानं घोट गिळला, मग दुसऱ्यानं.

रिवाजाप्रमाणं उरलेला घोट जानका प्यायली. कलश तिनं पायरीवर पालथा ठेवला. शेवटचा थेंब ओघळला, खालच्या पायरीवर गेला, तिच्याखालच्या पायरीवर गेला. आणि त्याला घ्यायला समुद्र, सावकाश, दमल्यासारखा, आणखी एक पायरी वर आला.