राजाची मिशी

मी मिशी. ओठाशिवायची, डब्यातली. हसलात ना? हसा. शिवथरच्या खोऱ्यात, आमच्या गावच्या उत्सवाच्या नाटकात आजवर राजा उभा राहिला तो माझ्या जिवावर, हे मी छातीठोकपणे सांगते. छाती नसली म्हणून काय झालं?

माझा जन्म महिपतच्या पडवीत झाला. घरच्या काळ्या बकऱ्याचे केस, मलमलीची चिंधी आणि महिपतची बायको तुळसा हिच्या हातची शिवण, एवढ्यावर मी तयार झाले. आमच्या गावात नाटकातल्या भूमिका म्हणजे घरांचे मान. राजा महिपतच्या घरचा, प्रधान मंगेशच्या घरचा. पालखीला खांदा देण्याच्या मानासारखंच ते, दुसऱ्याने हात लावायचा नाही.

दिवसभर चिखलात वाकलेला महिपत मी ओठावर चढले की ताठ व्हायचा. एकदा मला लावूनच तो महाडच्या बाजाराला गेला, तर कापडवाल्याने उठून त्याला खुर्ची दिली. आता सांगा, खुर्ची कोणाला मिळाली? त्याच्यामागे त्याचा मुलगा दत्ताराम राजा झाला आणि त्याने मला तीस वर्षं पीळ दिला.

मग दत्तारामच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला तो गेलाच. दोन वर्षं नाटक बंद राहिलं. मी डब्यात पडून होते आणि मला फार वाईट वाटायचं.

त्याची एकुलती एक मुलगी समीक्षा मुंबईत मालिकांमध्ये कामं करते. कधी नर्स, कधी नायिकेची मैत्रीण. चहाचा ट्रे आणायचा, दोन वाक्यं बोलायची, आत जायचं. यंदा ती गावी आली आणि नाटक मंडळाचा म्होरक्या भरत याला म्हणाली, "भरतकाका, यंदा राजा मी करते."

भरतने डोकं खाजवलं. "तू दत्तारामदादाची पोर. तुला नाय कसं म्हणू? पण लोक इचारतात, बाईमाणसाला राजा जमंल काय? उभी ऱ्हा यंदा. राजा पडला तर मान मंगेशच्या घरी जाईल, मग रडायचं नाय गो."

ती हो म्हणाली. तालमीला दत्ताराम कोपऱ्यात बसायचा आणि चुकलं की काठी आपटायचा. मला मात्र काळजी नव्हती. मी असताना बाई काय नि बुवा काय!

उत्सवाचा खेळ आता संध्याकाळी सातलाच सुरू होतो, मुंबईकरांना परतायचं असतं. समीक्षा तोंड रंगवायला बसली तशी तिची आई राहीबाई आत आली. आजवर पुरुष रंगायचे तिथे बायकांना मज्जाव होता, त्यामुळे तिला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "तोंड किती सुकलंय गो तुझं," म्हणत तिने मायेने खोबरेल चोळलं. गालाला, कपाळाला आणि वरच्या ओठालाही. मला चिकटवायच्या डिंकाचं आणि तेलाचं हाडवैर, हे तिला कोण सांगणार?

पहिला अंक मी कसाबसा काढला. दुसऱ्यात, भर दरबारात, माझं डावं टोक सुटलं. पुढची पोरं खिदळली. प्रधान झालेल्या मंगेशनेही मान खाली घालून हसू दाबलं. पडद्याआड भरत कपाळाला हात लावून उभा होता. मी उजव्या टोकाने जिवाच्या आकांताने धरून राहिले, कारण मी पडले की राजा पडला, मान गेला.

समीक्षा थांबली. तिने मला खेचून काढलं आणि मुठीत धरलं. तशाच उघड्या ओठाने ती मंगेशकडे बघत राहिली, मांडव गप्प होईपर्यंत. मग हळूच म्हणाली, "प्रधानजी, मान वर करा."

हे वाक्य नाटकात नव्हतं. मंगेशने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "चुकलो, महाराज."

पुढचा दरबार माझ्याविना झाला आणि कोणी हसलं नाही. तिने मला मुठीत किती घट्ट आवळलं होतं, ते मला एकटीला कळत होतं.

खेळ संपल्यावर भरत दत्तारामजवळ येऊन बसला. "दादा, मान कुठं जात नाय," एवढंच म्हणाला. दत्ताराम लेकीचा हात धरून रडला.

खरं सांगू? मला लागलं. राजा म्हणजे मीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. समीक्षा मुंबईला गेली, जाताना सांगून गेली की पुढच्या वर्षीही ती मिशीविनाच उभी राहणार.

आता मी दत्तारामची. दुपारी राहीबाई शेतावर गेली की तो मला लावतो, आरशासमोर उभा राहतो आणि राजाची सगळी भाषणं पहिल्यापासून म्हणतो. आवाज फुटत नाही, पण ओठ माझ्याखालीच हलतात. मला शब्दन्‌शब्द कळतो.

तेव्हा एक विनंती आहे. दुपारचे कधी आमच्या घरी आलात, तर अंगणातूनच जरा खोकून या.