टाकी गळ्यापर्यंत

प्रुइटनं माझ्या बाबांची नोकरी खाल्ली, म्हणून मी त्याची गाडी खाल्ली. मला याची जराही लाज वाटत नाही.

न्यू जर्सीतल्या वॉलिंग्टनच्या पेट्रोलपंपावर बाबांनी उभं आयुष्य काढलं. टाकी भरत आली की नळी टक करून आपोआप बंद होते. तिथं बाबांचा हातही थांबायचा. प्रुइट नेहमीचं गिऱ्हाईक, त्याला ते खपत नसे.

"ए म्हाताऱ्या, अजून मावतंय की! गळ्यापर्यंत भर."

"मावतंय, पण तुमच्याच मुळावर येईल," बाबा समजावायचे. "टाकीत पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाचा डबा असतो. कोळसा वाफ धरून ठेवतो, मग इंजिन ती ओढून घेऊन जाळतं. वरून पेट्रोल कोंबलंत तर ते थेट डब्यात उतरेल. कोळसा भिजला की डबा कामातून गेला."

प्रुइटनं काय करावं? पंपाच्या मालकाला, लेनीला, जाऊन सांगितलं की म्हातारा टाकी पुरती भरत नाही, मापात चोरी करतो. लेनीनं बाबांना एका शब्दानं विचारलं नाही. त्याच दुपारी त्यांना काढलं आणि दुसरं कुणी हाताशी नव्हतं म्हणून त्यांच्या जागी मला उभं केलं. लोक चोर म्हणतील म्हणून बाबा चर्चलाही जाईनात.

मग मी प्रुइटची फार सेवा केली. टक झालं की गोड आवाजात विचारायची, "अजून थोडं, प्रुइटसाहेब?"

"याला म्हणतात काम! शिकव जरा तुझ्या बापाला."

मी हसून पुन्हा नळी दाबायची. उन्हाळाभर दाबली.

एका शनिवारी टाकी भरून झाली आणि त्याची गाडी सुरूच होईना. घरघरायची, की बंद. पेट्रोलचा भपकारा सुटला. शेजारचा गॅरेजवाला गाडीखाली शिरला. डबा काढला तर त्यातून पेट्रोल ठिबकत होतं.

"टक झाल्यावरही भरत होतात ना?" त्यानं विचारलं.

प्रुइट माझ्यावर धावून आला. "तुला माहीत होतं! सांगितलं का नाहीस?"

"सांगणारा होता की इथं. तुम्ही त्याला चोर ठरवलंत."

लेनी बाहेर येऊन ऐकत होता. त्याचं तोंड उतरलं. "योली, चुकलंच माझं. उद्यापासून बाबांना पाठव बाई."

"आधी ते चोर नव्हते म्हण. या रांगेला ऐकू जाऊ दे."

तो म्हणाला. मी म्हटलं, "अजून मोठ्यानं." तो ओरडून म्हणाला.

मग मी पंपाचं जॅकेट काढलं आणि नळी त्याच्या हातात दिली. "ते येणार नाहीत. मीही चालले." न्यू जर्सीत गिऱ्हाइकानं पंपाला हात लावायचा नाही, असा कायदा आहे. मागं सगळी रांग हॉर्न वाजवत होती.

घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, बाबा पोटभर हसतील. त्यांनी गाडीचं काही विचारलंच नाही.

"सगळ्यांसमोर म्हणाला?"

"सगळ्यांसमोर."

आणि माझा बाप लहान मुलासारखा रडायला लागला.