चुकीचा पाय

ज्या बाईंनी उभा जन्म शाळेच्या मैदानावर शिटी फुंकून पोरींना ताठ उभं राहायला शिकवलं, त्यांनाच आता "बाई, उठू नका हं, मी आले" असं ऐकावं लागायचं. वृद्धाश्रमात सगळे त्यांना बाईच म्हणत. मोरीत पाय घसरून उजवा खुबा मोडला, तेव्हापासून त्यांच्या मनगटावर पिवळी पट्टी होती. पिवळी पट्टी म्हणजे हे माणूस पडू शकतं, याला एकट्याने पाऊल टाकू द्यायचं नाही. बाकीच्यांना त्या पट्टीची लाज वाटे. बाईंना? छे! त्यांचं सगळं सुख त्या पट्टीत होतं.

कारण रोज दुपारी चहा झाला की फिजिओवाली यायची. उजव्या अंगाला उभी राहायची, बाईंचा हात हातात घट्ट धरायची आणि दोघी व्हरांड्याच्या टोकाच्या खिडकीपर्यंत जाऊन यायच्या. वाटेत ती सासूची गाऱ्हाणी सांगायची. "तूही काही कमी नाहीस," बाई टोचायच्या. बस, एवढंच. पण अख्ख्या दिवसात बाईंना माणसाचा हात लागायचा तो एवढाच. लेक फोन करायची, नाही असं नाही. पण फोनला का हात असतात?

एक दिवस फिजिओवाली हसत हसत आली. "बाई, उद्या परीक्षा! आधार न घेता खुर्चीतून उठायचं, त्या रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. जमलं की पट्टी कापायची. मग तुम्ही मोकळ्या!"

मोकळ्या म्हणे! मोकळं होऊन जायचं कुठे? शेजारच्या खोलीतले पोस्टमास्तर असेच पास झाले होते. आता बिचारे एकटेच येरझाऱ्या घालतात आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बाईंनी ठरवून टाकलं, नापास व्हायचं.

आता सोंग म्हटलं की बाईंना कुणी शिकवायला नको. कवायत चुकवायला लंगडत येणाऱ्या पोरी त्यांनी जन्मभर पकडल्या होत्या. "सकाळी कुठला पाय होता गं?" एवढं विचारलं की पोरगी गारद. सकाळी उजवा, दुपारी डावा! मग काय, मैदानाला फेऱ्या.

दुसऱ्या दिवशी बाई उठल्या, जरा चालल्या, लंगडल्या, झोकांडी खाल्ली आणि भिंतीचा दांडा पकडला. सोंग छान वठलं. फिजिओवालीचा चेहरा मात्र खर्रकन उतरला.

"अगंबाई! उजवा तर चांगला सुधारला होता. आता डावाही गेला की काय?"

डावा! घाबरून बाई धडधाकट पायाने लंगडल्या होत्या. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. दोन्ही पाय अधू म्हटल्यावर कसलं चालणं आणि कसला हात? डॉक्टर तपासेपर्यंत बाईंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. उठायला गेलं की केकाटणारी गादी खाली. व्हरांड्यातून मावशी खुर्ची ढकलायच्या, पण मागून. त्यांचे हात खुर्चीच्या मुठींवर, तोंडसुद्धा दिसायचं नाही. बाई स्वतःच्याच मांड्या चाचपून बघायच्या. त्या दिवसेंदिवस लिबलिबीत लागत होत्या. इथे खुर्चीत बसलेलं माणूस सहसा परत उठत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी फिजिओवाली दिसताच त्यांनी हाक मारली. "अगं, इकडे ये. मी नाटक केलं. आणि पाय चुकला."

"नाटक?" ती भडकलीच. "बाई, माझ्याच हातून काही बिघडलं म्हणून मला घास जात नाहीये! कशासाठी केलंत हे?"

"तू हात धरतेस म्हणून." बाई म्हणाल्या. "मला दुसरं कुणी हात लावत नाही गं."

ती हळूच म्हणाली, "पास झालात तर मला येता यायचं नाही. पट्टीवाले इतके आहेत की..."

"ठाऊक आहे. घे परीक्षा."

गादी केकाटली. बाई उठल्या, रेघेपर्यंत गेल्या, वळल्या, परत येऊन बसल्या. शिटीच्या तालावर चालावं तशा. फिजिओवालीने पट्टी कापली, पण मनगट लगेच सोडलं नाही. मग कुणीतरी तिला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाई एकट्याच निघाल्या. समोरून फिजिओवाली दुसऱ्या आजींना धरून येत होती. "शाब्बास, बाई!" ती म्हणाली आणि पुढे गेली. बाई खिडकीपर्यंत जाऊन आल्या. मान ताठ, पाऊल सरळ, कुठे म्हणून चूक नाही. फक्त उजवा हात जाताना आणि येताना अंगापासून जरा बाजूला, तळवा उघडा, तसाच धरलेला होता.