पाचवं आणि सहावं रीळ

ओनेसिम देल्मोत या दिग्दर्शकाला फ्रान्स इतका विसरला होता, की त्याच्या एका सिनेमाची प्रत आमच्या गावच्या थिएटरच्या माळ्यावर तीस वर्षं पडून राहिली, ती परत मागायलाही कुणी फिरकलं नाही.

सिनेमातली बाई नवऱ्याला टाकून प्रियकराकडे जाते, आणि शेवटी घरी येऊन निमूट सूप वाढते. गावाला तो शेवट पाठ होता. युगेतला जरा जास्तच. समुद्रकाठच्या बहिणीकडे आठ दिवस जाऊ का, असं तिनं विचारलं की तिचा नवरा फिर्मँ म्हणायचा, “अगं, सिनेमातलीसुद्धा शेवटी सुपाकडेच आली!”

फिर्मँ थिएटरातलं मशीन चालवायचा, युगेत तिकिटं फाडायची. यंदा गावच्या फिल्म क्लबनं तोच सिनेमा दाखवायचं ठरवून म्हाताऱ्या देल्मोतला बोलावलं आणि नेमका फिर्मँचा पायाचा अंगठा सुजला. मशीन युगेतकडे आलं. तिनं रिळं तपासली. एकाच्या तोंडाशी छापलेला आकडा सहा, डब्यावर फिर्मँच्या अक्षरात पाच. दुसऱ्याचं उलटं. ‘समाप्त’ची पाटीसुद्धा कापून भलतीकडे चिकटवलेली.

“हे काय रे?” तिनं घरी येऊन फिर्मँला विचारलं.

“पाद्रीबुवा म्हणाले होते, खऱ्या शेवटानं गावातल्या बायका बिघडतील. हात लावू नकोस!”

तिनं हात लावला.

रविवारी दुपारी पडद्यावरच्या बाईनं आधी सूप वाढलं, मग टोपी घातली, आणि नवरा नि प्रियकर दोघांनाही फलाटावर ठेवून एकटीच गाडीत बसली. समाप्त.

दिवे लागले आणि क्लबच्या रिवाजाप्रमाणे चर्चा सुरू झाली. महापौर ताडकन उठले. “फसवणूक! ती परत आली होती, मी या डोळ्यांनी पाहिलंय!”

औषधवाल्या पेलूबाई कळवळल्या, “अहो, त्या सुपाच्या भरवशावर मी तीस वर्षं संसार रेटला!”

देल्मोत काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. “परत आली होती? तरीच! तेव्हा तुमच्या एकट्या गावानं मला फुलं पाठवली. बाकी सगळीकडून अंडी आली.”

सोमवारी सकाळी युगेत टोपी घालून बसथांब्यावर उभी राहिली. फिर्मँ लंगडत मागोमाग आला.

“अगं, परत येशील ना?”

“सूप चुलीवर ठेवलंय,” ती बसमध्ये चढत म्हणाली. “आधी सूप, मग गाडी. क्रम बरोबर आहे.”