श्वास सोडत उचलायचं

"उचलण्याआधी श्वास सोडायला लागा आणि पोट हलकेच आत घ्या. कोंडायचा नाही श्वास." व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा तो आवाज अजून कानात आहे. सून उताणी झोपली होती, तिचं तीन महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर.

बाईंनी समजावलं, पोटाच्या सगळ्या स्नायूंखाली एक रुंद स्नायू असतो, पाठीकडून पुढे वळसा घालून आलेला. आपण हात उचलायचं मनात आणलं की हाताच्या आधी तोच आवळतो, कणा सांभाळतो. बाळंतपणात सुनेच्या पोटाची, दोन्हीकडचे स्नायू जोडणारी मधली शिवण ताणली होती. बाईंनी चाचपलं तर बेंबीच्या वर फटीत तीन बोटं आत गेली. जड उचलायचं झालंच तर दोघींनी, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

सून इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून काढायचे. तिथले मुकादम माझे दीर. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी करून परत दिली आणि खुंटीवरचा कमरेला बांधायचा रुंद पट्टा काढून हातात ठेवला. वर चार बायकांदेखत म्हणाले, "सूनबाई, चादरी धुवायला आलीस की श्वास मोजायला?" सगळ्या हसल्या म्हणे.

ऐकून मला दिरांचा राग आला. पण मी तरी काय केलं? त्याच धुलाईखान्यात सत्तावीस वर्षं तसलाच पट्टा बांधला. आमच्याकडे रीतच ती: पट्टा करकचून आवळायचा, श्वास कोंडायचा, उचलायचं. दुसऱ्या दिवशी सुनेच्या कमरेला तो मीच आवळून दिला. ती म्हणाली, आई, बाई नको म्हणाल्यात. मी म्हटलं, बाईंनी कधी ओली चादर उचललीय का?

नवव्या दिवशी बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा आला. खोकली की पुढे यायचा. डॉक्टर म्हणाले, आतडं तिथून डोकावतंय, ऑपरेशन होईपर्यंत काही उचलायचं नाही. अडकलं तर जिवावर बेतेल.

दीर बघायला आले. "बायकांच्या पोटाचं असं होतंच, वहिनी. सोमवारी पाठवा, नाहीतर दुसरी घेतो."

मी चहा पुढे केला.

ते गेल्यावर सून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगाल का त्यांना? माझं नाही ऐकणार ते."

"सांगेन. जागा तुझीच राहील आणि गठ्ठा दोघी उचलतील. सगळ्यांसमोर सांगेन. पट्टा मी बांधला, हेही."

सोमवारी जपाला बसले, तर मण्यामण्याला देवाच्या नावाऐवजी दिरांना सुनवायची वाक्यंच येत होती. देवाची क्षमा मागितली. दिरांची मागणार नव्हते. माळ ठेवली. सून झोपली होती, बाळ कुशीत. आवाज न करता दार ओढून घेतलं आणि पहिली पाळी सुरू व्हायच्या आत धुलाईखान्यात पोचायचं म्हणून चालू लागले.