हेल्मेटवर दोन थापा

एक बॉल आणि तीन पोरं. गेली एकोणीस वर्षं माझी नोकरी एवढीच आहे. बॉल पोटाशी घट्ट धरायचा, समोरच्या अकरा जणांत घुसायचं आणि जमेल तेवढं पुढे जायचं, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात हे काम करणाऱ्या पोरांचा मी कोच. एका सामन्यात अशी घुसायची संधी साधारण चाळीस वेळा मिळते. त्यातल्या तीस प्रत्येकाला हव्या असतात. त्यांच्या आयांना चाळीसच्या चाळीस.

गेल्या वर्षी दोघं रुसले आणि सरळ दुसऱ्या कॉलेजात गेले. एकाच्या आईनं फोनवर मला जे ऐकवलं, ते मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

यंदा मात्र सगळं कसं शांत. थेरन मोझली शेवटच्या वर्षाचा, ओमाहाचा, तोंडानं वस्ताद. गॅरेट व्हॉस इथलाच, गावाबाहेर त्याच्या बापाचा मका आहे. आणि सिओने ताउफा, युटाहून आलेला, मूळ टोंगा बेटांवरचा पोरगा, तिघांत सर्वांत दणकट. त्याच्या तोंडून 'हो, कोच' याच्यापलीकडे आठवड्यात चार शब्द निघाले तर नशीब. तिघांना जवळजवळ सारखी संधी मिळत होती, कोणाची कुरकूर नव्हती आणि आम्ही दहांपैकी आठ सामने जिंकलो होतो. आमच्या गावच्या पेपरानं माझा फोटो छापला. 'हॅल ब्रँडेलचा तराजू' असा मथळा. माझ्या बायकोनं, लोरेननं, तो फ्रिजवर लावला. मीही काढला नाही.

त्या फोटोनंतर एका मोठ्या विद्यापीठातून फोन आला. त्यांच्या मैदानात ऐंशी हजार माणसं बसतात. आमच्या गावात सगळी मिळून नऊ हजार आहेत. त्यांच्याकडे पाच पोरं होती, पाचही सोडून जायच्या गोष्टी करत होती, आणि वाटणी जमणारा माणूस त्यांना हवा होता. "शनिवारी तुमचा शेवटचा सामना बघायला येतो. वर काचेच्या खोलीत बसेन," डेल ऑस्ट्रँडर नावाचा माणूस म्हणाला. "त्यानंतरच्या मंगळवारी आमच्याकडे या, बोलू."

मला ती जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? चौपन्न वर्षांचा झालो. माझ्या हाताखाली शिकलेले दोन पोरगे आज माझ्यापेक्षा मोठ्या जागांवर आहेत, आणि फुटकं नशीब म्हणतात ते हेच असं मी मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल.

त्या भेटीत दाखवायला म्हणून मी सामन्याच्या आधीच्या सोमवारी दुपारी दार लावून मोसमातल्या सामन्यांच्या फिती बघायला बसलो. माझे उत्तम निर्णय वेगळे काढायचे होते.

आमच्यात एक रीत आहे. दमलेल्या पोरानं हेल्मेटवर दोन थापा मारायच्या. मारल्या की कोचनं त्याला बाहेर घ्यायचं आणि दुसऱ्याला आत पाठवायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. आणि मी पाहिलंच नाही असं कोणी कोच म्हणू शकत नाही, कारण तेच बघायला त्याला तिथं उभं केलेलं असतं.

पहिल्या सामन्यात थेरननं चौथ्यांदा पळून झाल्यावर थापा मारल्या. मी गॅरेटला पाठवलं. गॅरेटनं चौथ्यानंतर थापा मारल्या. मग सिओने, तोही चौथ्यानंतर. योगायोग असेल म्हटलं. दुसरा सामना लावला. चार. तिसरा लावला. चार. पाचव्या सामन्यात तर चौथ्या वेळी सिओनेला कोणी शिवलंही नव्हतं, तो आपणहून रेषेबाहेर गेला होता, आणि तरी लेकाचा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतोय! त्याला तेव्हा बाहेर घेतलं म्हणून पेपरवाल्यानं मला दूरदर्शी म्हटलं होतं.

म्हणजे वाटणी माझी नव्हतीच. मी आपला आयत्या बिळावर नागोबा.

तिघांना बोलावलं. पडद्यावर सिओनेचं ते नाटक थांबवून ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

सिओने बुटांकडे बघायला लागला. गॅरेटनं थेरनकडे बघितलं.

"कोच, रागवायचं नाही हं," थेरन म्हणाला.

"रागवायचं की नाही ते मी बघतो. कधी ठरवलंत?"

"ऑगस्टमध्ये. गॅरेटच्या घरी. त्याच्या आईनं चिली केली होती, राजमा-खिम्याची."

"आणि दालचिनीचे रोल," गॅरेट म्हणाला.

"रोल गेले खड्ड्यात! मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला काय सांगायचं, कोच?" थेरननं खुर्ची पुढे ओढली. "तुमचं कसं आहे, एखादा जरा चांगला पळाला की तुम्ही त्याच्याच प्रेमात. मग बाकीचे जिवंत आहेत की मेले, तुम्हाला पत्ता नसतो. गेल्या वर्षी ते दोघं उगाच गेले का?"

"गेल्या वर्षी बाहेर बसून तुमच्याकडे बघून बघून माझी मान आखडली," गॅरेट म्हणाला. "आई म्हणाली, पोरा, उशी बदल."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. अंगाचा तिळपापड झाला. शनिवारी वर काचेत माणूस बसणार, आणि खाली ही कार्टी आपल्या मनानं ये-जा करणार!

"शनिवारी कोणी थापा मारायच्या नाहीत," मी म्हणालो. "कोण आत, कोण बाहेर, ते मी ठरवणार. कळलं?"

"हो, कोच," सिओने म्हणाला.

शनिवारी कडाक्याची थंडी होती. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर मोसम तिथंच संपणार. सिओनेनं पहिल्याच दोन वेळी तीस यार्ड काढले आणि मी त्याला आतच ठेवला. त्याचं दहा वेळा पळून झालं, पंधरा झालं, वीस झालं. लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. मी दोनदा वर काचेकडे बघितलं. खरं सांगायचं तर जास्त वेळा.

शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि बॉल पुढे सरकत होता. सगळा सिओनेच्या जिवावर. थेरन हेल्मेट घालून माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याला तीनदा बॉल मिळाला होता.

"कोच, त्याचे पाय गेलेत."

"गप बस."

"मला नका पाठवू. गॅरेटला पाठवा. पण त्याला बाहेर काढा."

"थेरन, गप बस म्हटलं ना!"

सिओनेचं एकतीस वेळा पळून झालं होतं. गोलरेषेला दोन यार्ड उरले होते. सिओने उठला, जरा डुलला, माझ्याकडे वळला आणि त्यानं हेल्मेटवर दोन थापा मारल्या. मनाई असताना मारल्या.

मी पाहिलं. आणि मग हातातल्या कागदावर काहीतरी महत्त्वाचं लिहिलेलं असावं तसा त्या कागदाकडे बघायला लागलो.

पुढच्याच वेळी बॉल त्याच्या हातातून निसटला. त्यांच्यातल्या कोणीतरी बॉलवर उडी घातली आणि सामना संपला. थेरनचं कॉलेजातलं खेळणंही संपलं. सिओने तिथंच गवतावर बसून राहिला. त्याला उठवायला थेरन आणि गॅरेट गेले, मी नाही गेलो.

रविवारी तो पायांना बर्फ लावून बसला होता. मी शेजारी बसलो. "तू थापा मारल्यास असं थेरन म्हणतो," मी म्हणालो. "मला दिसलं नाही रे."

"हो, कोच," तो म्हणाला. "गडबड होती."

एवढ्यावर सुटलो. त्या पोरानं चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मंगळवारी ऑस्ट्रँडरच्या ऑफिसात कॉफी आली, मग माझ्या तराजूचं कौतुक झालं. तीन पोरांना खूश ठेवणं म्हणजे खायचं काम नाही, तो म्हणाला. मी मान हलवली. लाज वाटली, तरी हलवली.

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या बॉलच्या आधी त्या पोरानं हेल्मेटवर थापा मारल्या. मला वरून दिसलं. तुम्हाला दिसलं नाही का?"

कसा छान रस्ता काढून दिला होता त्यानं! 'नाही दिसलं' एवढंच म्हणायचं होतं. खालच्या गर्दीत कोणाला काय दिसतं? तो पुढच्या प्रश्नाकडे गेला असता आणि मी त्या ऐंशी हजारांकडे. तोंड उघडलं आणि रविवारचं ते 'हो, कोच' कानात वाजलं.

"दिसलं," मी म्हणालो.

"मग बाहेर का नाही काढलंत?"

"तुम्ही वर बसला होतात म्हणून."

त्यानं पेनाचं टोपण लावलं. चार-चारचा बेत पोरांचा होता हेही मी सांगून टाकलं, पण तोवर तो घड्याळ बघत होता. रस्त्यावर बर्फ आहे, सावकाश जा, म्हणाला.

बुधवारी त्यांनी दुसरा माणूस घेतल्याचं कळलं. लोरेन म्हणाली, "हॅल, तुला एकदा तरी तोंड बंद ठेवता आलं असतं." तिचंही बरोबर आहे.

मी व्यायामशाळेत गेलो. तिघंही तिथंच होते. थेरनचं आता काही काम नव्हतं, पण सवयीनं आला होता. मी सिओनेसमोर उभा राहिलो.

"रविवारी मी खोटं बोललो," मी म्हणालो. "तू थापा मारल्यास ते मी बघितलं होतं."

"माहीत आहे, कोच," त्यानं वजन खाली ठेवलं. "तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

"मग बोलला का नाहीस? पुन्हा का नाही मारल्यास?"

त्यानं हात पुसले. मग जेवढं बोलला, तेवढं सलग तो माझ्याशी आजवर कधी बोलला नव्हता.

"पुन्हा मारणार होतो. मग वाटलं, कोचनी बघितलंय आणि तरी मला ठेवलंय. म्हणजे मला जमेल अशी त्यांना खात्री असणार."