पोटाला पटत नाही

भावाला मूल झाले त्या वर्षीची गोष्ट. बाळ घरी आले आणि त्याच आठवड्यात आईला कॅन्सर निघाला.

भावाची थोरली बहीण, आईची लेकच, इस्पितळात सिस्टर होती. आईची शीर कुणाला सापडेना. दुसऱ्या दोघी सिस्टरांनी टोचून टोचून हात काळानिळा केला, तेव्हा लेकीने सुई आपल्या हातात घेतली. "माझ्या आईला मीच लावते." शीर लगेच मिळाली. मग केमोची पुढची सगळी सलाइने तिनेच लावली. प्रत्येक सलाइननंतर आईला उलट्या व्हायच्या.

एक दिवस ती रिकाम्या हाताने दारात उभी राहिली आणि आईला भडभडून उलटी झाली. पुढे घरीही तेच. लेक दिसली की उलटी.

"चेहरा इतका वाईट आहे का गं माझा?"

"बापावर गेलीस, त्याला मी काय करू?" आई भांडे सारत म्हणाली.

इस्पितळात मनाचे दोन डॉक्टर होते. त्यांचे एकमेकांशी पटत नसे. म्हातारे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आणि औषध, अशी गाठ शरीराने परस्पर मारलीय, सिस्टर. समजावून सुटायची नाही. सुईबिई न घेता रोज समोर बसा, हळूहळू सैल होईल."

तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणूस म्हणजे काय कुत्रं-मांजर आहे? 'ही आली की मळमळणार' असं त्यांनी मनाशी धरलंय. ते मनातून काढा."

लेकीने आधी समजावले. आईने सगळे नीट ऐकून घेतले.

"मला पटलंय गं. पोटाला पटत नाही."

मग कपडे बदलून, साबण बदलून ती नुसती समोर बसू लागली. आईच्या पोटात घोटभर पेज जायची, तीही बाहेर पडायची. शेवटी वहिनी म्हणाली, "ताई, राग मानू नका. गाठ सुटेपर्यंत त्या टिकायच्या नाहीत."

लेकीने दाराबाहेर स्टूल टाकले.

"बोल की! आवाजाने काही होत नाही मला," आई आतून म्हणाली.

मग बाळाच्या लबाड्या, शेजारणीची भांडणे, सगळे दाराआडून चालायचे. एका दुपारी ती बोलत असतानाच आत भांडे ओढल्याचा आवाज आला. लेक अर्ध्या वाक्यात थांबली.

"थांबलीस का?"

लेकीने स्वतःच्या तोंडावर हात धरला.

"आहेस ना गं?"

तिने दारावर बोटाने हलकेच टकटक केले. त्यानंतर तेवढेच उरले.

एका सकाळी वहिनीने दार सताड उघडले. "या आता, ताई."

लेक उशाशी बसली. आईचा गार पडलेला हात हातात घेतला. तिचा अंगठा सवयीने शीर शोधत राहिला.

बाळ बसायला लागले त्या महिन्यात आई वारली.